शेजारी बसल्याने काय होतं? सॅक्सेनियन यांच्या ‘रीजनल ॲडव्हान्टेज’विषयी

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही ॲनाली सॅक्सेनियन यांचं ‘रीजनल ॲडव्हान्टेज’ हे पुस्तक घेतलं आहे. ते १९९४ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे तसं जुनंच. पण गेल्या काही वर्षांत या पुस्तकाचं नाव न घेता त्यातला अर्धाच मुद्दा सगळीकडे फिरतो आहे. “घरून काम पुरे, ऑफिसला या. माणसं समोरासमोर भेटली की नव्या कल्पना सुचतात, सिलिकॉन व्हॅली अशीच उभी राहिली,” असं कर्मचाऱ्यांना सांगितलं जातं. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज दोन-तीन तास घालवणाऱ्या माणसाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं.

हे वाक्य खोटं आहे असं आमचं म्हणणं नाही. ते अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग कर्मचाऱ्याच्या फायद्याचा आहे. तो अर्धा भाग पुस्तकात कुठे सापडतो आणि कुठे पुस्तकाच्याही हातून निसटतो, हे आज बघायचं आहे.

आधी पुस्तक काय सांगतं ते ऐकून घेऊ. सॅक्सेनियन यांनी अमेरिकेतल्या दोन प्रदेशांची तुलना केली आहे. एक म्हणजे कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली. दुसरा म्हणजे बॉस्टन शहराभोवतीच्या ‘रूट १२८’ या रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा. दोन्हीकडे मोठी विद्यापीठं होती, एकीकडे स्टॅनफर्ड तर दुसरीकडे एमआयटी. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्हीकडे लष्कराचा पैसा आला. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात दोन्ही प्रदेशांची नावं एका दमात घेतली जात. ऐंशीच्या दशकात दोघांनाही फटका बसला. कॅलिफोर्नियाच्या हातून मेमरी चिपचा बाजार जपानी कंपन्यांनी काढून घेतला, तर बॉस्टनकडचे मिनीकॉम्प्युटर छोट्या वैयक्तिक संगणकांपुढे टिकेनात. नंतर व्हॅली सावरली आणि रूट १२८ मागे पडला. असं का झालं, हा पुस्तकाचा प्रश्न आहे.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं. बॉस्टनकडच्या कंपन्या किल्ल्यासारख्या होत्या. डिझाईनपासून विक्रीपर्यंत सगळं एकाच तटबंदीच्या आत, आणि बाहेर ब्र काढायचा नाही. माणूस एकदा कंपनीत शिरला की निवृत्तीपर्यंत तिथेच. व्हॅलीत मात्र इंजिनिअर सहज नोकऱ्या बदलत, पुरवठादार आणि ग्राहक मिळून डिझाईन करत, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांतली माणसं संध्याकाळी एकाच बारमध्ये बसून अडचणींची चर्चा करत. माउंटन व्ह्यू गावातला ‘वॅगन व्हील’ नावाचा बार त्यासाठी प्रसिद्ध होता. १९५७ साली विल्यम शॉकली यांच्या कंपनीतून आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी ‘फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर’ काढली. त्या आठांपैकी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये फेअरचाइल्डही सोडली आणि ‘इंटेल’ काढली. १९७५ मध्ये हौशी मंडळींचा ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. तिथे स्टीव्ह वॉझ्नियॅक आपल्या संगणकाचे आराखडे लोकांना चक्क वाटून टाकत. तोच संगणक पुढे ‘ॲपल-१’ म्हणून विकला गेला.

पुस्तकाचं बळ या तुलनेत आहे. जागा महत्त्वाची असते हे अर्थशास्त्राला आधीपासून माहीत होतं. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की एखादा धंदा एका गावात रुजला की त्यातली गुपितं गुपितं राहत नाहीत, ती तिथल्या हवेतच असतात आणि पोरंटोरंही नकळत ती शिकतात. सॅक्सेनियन पुढचा प्रश्न विचारतात. दोन्ही गावांत हवा होती, मग एका गावात ती खेळती का राहिली आणि दुसऱ्यात कोंडली का? हा प्रश्न विचारल्याबद्दल या पुस्तकाचे आपण ऋणी असायला हवं.

आता कोणी म्हणेल, बोलण्यात एवढं काय आहे? सगळं तर कागदावर लिहिलेलं असतं. इथे आम्हाला एक फार चांगला अभ्यास आठवतो. हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. कॅनडातल्या एका संरक्षण प्रयोगशाळेत नव्या प्रकारचा लेझर तयार झाला होता आणि त्यावरचे लेख छापून आले होते. ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा तसाच लेझर बनवायच्या मागे लागल्या. कॉलिन्स यांना असं दिसलं की केवळ छापील लेख वाचून एकाही प्रयोगशाळेला चालणारा लेझर बनवता आला नाही. ज्यांना जमलं त्यांचा आधी जमलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. अडत काय होतं? एक साधी गोष्ट बघा. कपॅसिटरपासून येणारी तार आखूड लागते. त्यासाठी तो जड कपॅसिटर उलटा करून वर बसवावा लागतो. वाचणारा माणूस साहजिकच जड वस्तू खाली टेबलावर ठेवणार. मग तार लांब होते आणि लेझर चालत नाही. लिहिणाऱ्याने काही लपवलं होतं असं नाही. ही बाब लिहिण्याजोगी आहे हेच पुष्कळदा त्याच्या लक्षात आलेलं नसतं.

आपल्याकडच्या फौंड्रीत हेच दिसेल. साच्याची वाळू किती ओली हवी याची मापं पुस्तकात आहेत. पण जुना कारागीर मुठीत वाळू दाबतो, ढेकूळ मोडून बघतो आणि “अजून थोडं पाणी” म्हणतो. ते त्याच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा हातात मुरलेलं ज्ञान जवळून जवळच जातं, या मुद्द्यावर आमचं पुस्तकाशी भांडण नाही.

भांडण इथून पुढे आहे.

पहिला आक्षेप असा की पुस्तक या सगळ्याला ‘संस्कृती’ म्हणतं आणि तिथेच थांबतं. कॅलिफोर्नियातली माणसं मोकळी, बॉस्टनकडची जुन्या वळणाची, असं चित्र उभं राहतं. पण शेजारी बसण्याचंच बघायचं तर बॉस्टनकडे काय कमी होतं? ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ ही कंपनी ऐंशीच्या दशकात आयबीएमच्या खालोखाल जगातली दुसऱ्या क्रमांकाची संगणक कंपनी होती. मेनार्ड गावातल्या लोकरीच्या जुन्या गिरणीत तिचं मुख्यालय होतं आणि शेकडो इंजिनिअर एका छताखाली काम करत होते. म्हणजे समोरासमोर भेटी रोज होत होत्या, पण त्या सगळ्या तटबंदीच्या आतल्या. १९९८ मध्ये ही कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली.

तटबंदी कशाची होती? पुस्तक आल्यावर पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकांनी याचं एक सरळ उत्तर दिलं. नोकरी सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, असं कलम नोकरीच्या करारात असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ते कलम न्यायालयं मानत. कॅलिफोर्नियात १८७२ च्या कायद्यापासूनच ते रद्दबातल आहे. आता वॅगन व्हीलमधल्या त्या गप्पांकडे पुन्हा बघा. समोरचा माणूस आज प्रतिस्पर्धी कंपनीत आहे, पण उद्या तो आपला भागीदार होऊ शकतो, किंवा आपण त्याच्याकडे जाऊ शकतो. म्हणून त्याच्याशी बोलण्याला किंमत आहे. सोडून जाण्याची मोकळीक आधी आली आणि तोंडं नंतर उघडली. १८७२ चा हा कायदा पुस्तक लिहिताना उपलब्ध होता. तरी त्याला जे वजन मिळायला हवं होतं ते पुस्तकात मिळत नाही.

आणि आता गंमत बघा. त्याच १८७२ साली आपल्याकडे भारतीय करार कायदा झाला. त्याचं कलम २७ म्हणतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. हा योगायोग नाही. डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्कसाठी केलेला संहितेचा मसुदा हा दोन्ही कलमांचा मूळ स्रोत आहे. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीला जे कलम लाभलं त्याचं सख्खं भावंड दीडशे वर्षं आपल्या घरात आहे. मग आपल्या आयटी पार्कांत ती मोकळीक का जाणवत नाही? कारण कलम कागदावर असतं आणि रोजच्या जगण्यात तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, ट्रेनिंगचा बॉण्ड असतो, अडकवून ठेवलेलं रिलीव्हिंग लेटर असतं. नवा इंजिनिअर कोर्टात जाऊन कलम २७ वाचून दाखवणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. तेव्हा नुसत्या कायद्यानेही भागत नाही, हे सॅक्सेनियन यांच्या बाजूने कबूल करायला हवं. पण मोकळीक ही माणसांच्या स्वभावातून येते असं मानलं तर ती मागता येत नाही. ती नियमांतून येते असं मानलं तर मागता येते. फरक एवढा मोठा आहे.

दुसरा आक्षेप, बारमध्ये कोण नव्हतं याचा. फेअरचाइल्डच्या चिपची डिझाईनं कॅलिफोर्नियात झाली, पण जुळणीचं काम साठच्या दशकातच हाँगकाँगला गेलं. १९६५ मध्ये कंपनीने न्यू मेक्सिकोत शिपरॉक इथे नवाहो आदिवासींच्या भागात कारखाना काढला. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तारा जोडणाऱ्या तिथल्या कामगारांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९७५ मध्ये तो बंद झाला. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीचा उद्योग पहिल्यापासून एका जागी कधीच नव्हता. बोलणारी डोकी एका गावात ठेवली होती आणि काम करणारे हात हजारो मैल दूर. त्या हातांतही मुरलेलं ज्ञान होतंच की! तार कुठे तुटते हे जुळणी करणाऱ्या बाईइतकं कुणाला कळणार? पण ते ज्ञान संध्याकाळच्या गप्पांत येऊ शकत नव्हतं. आणि व्हॅलीतल्याच, पण घरी मूल असलेल्या इंजिनिअर बाईचं काय? जिथे नवं काही सुचण्याची जागा ऑफिस सुटल्यावरचा बार असते, तिथे कुणाचं सुचणं मोजलं जाणार नाही हे आधीच ठरलेलं असतं. पुस्तकातली जाळी प्रामुख्याने इंजिनिअरांची आणि उद्योजकांची आहेत. या बाजूकडे ते फारसं वळत नाही.

तिसरा मुद्दा हा आक्षेपापेक्षा मर्यादेचा आहे. हे एका उद्योगाचं पुस्तक आहे आणि त्याचा निष्कर्ष मात्र सगळ्या उद्योगांना लावला जातो. दोन उदाहरणं घेऊ.

लिनक्स घ्या. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. आज जगातल्या असंख्य सर्व्हरवर आणि अँड्रॉइड फोनच्या पोटात ते चालतं. ते घडवणारी बहुतेक माणसं एका इमारतीत कधीच बसली नाहीत, सगळा व्यवहार लेखी. हे कसं जमलं? कारण प्रोग्रॅम हा मुळातच लिहिलेला असतो. कपॅसिटर उलटा टांगलाय की सुलटा हे इथे लपून राहत नाही. कोड दुसऱ्याच्या यंत्रावर चालतो तरी किंवा चालत नाही तरी.

दुसरं उदाहरण कोविडच्या लसीचं. जानेवारी २०२० मध्ये चिनी संशोधकांनी केलेला विषाणूचा जनुकीय क्रम जगजाहीर झाला आणि काही दिवसांत अमेरिकेत मॉडर्नाच्या लसीचा आराखडा तयार झाला. विषाणूचा नमुना हातात यावा लागला नाही, नुसता अक्षरांचा क्रम पुरला. अंतर म्हणाल तर शून्य. पण ज्या एमआरएनए तंत्रावर ते उभं होतं त्याची कथा उलटी आहे. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांची ओळख नव्वदच्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फोटोकॉपी यंत्रापाशी झाली. त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध २००५ मध्ये आला आणि नोबेल २०२३ मध्ये. ही गोष्ट हल्ली ‘यंत्रापाशी झालेल्या भेटीची जादू’ म्हणून सांगतात. आम्ही एवढंच जोडू की भेटीनंतर कित्येक वर्षांचं चिकाटीचं काम होतं, आणि त्याच विद्यापीठाने त्या भेटीच्या थोडं आधी कारिको यांना खालच्या पदावर उतरवलं होतं. जागेने दोघांची गाठ घालून दिली. त्या कामाची कदर करायला मात्र जागेला जमलं नाही.

या दोन उदाहरणांतून आम्हाला एक कसोटी मिळते. उद्योगातलं ज्ञान किती लिहून देता येतं, आणि चूक किती लवकर उघडी पडते? जिथे दोन्हींचं उत्तर चांगलं आहे तिथे अंतराचं ओझं कमी. जिथे ज्ञान हातात, नाकात, कानात आहे, उदाहरणार्थ ओतकाम, शस्त्रक्रिया, विणकाम, प्रयोगशाळेतलं बाळबोध वाटणारं कसब, तिथे शेजारी उभं राहण्याला पर्याय नाही. आणि एकाच उद्योगात दोन्ही टप्पे असू शकतात, लसीच्या गोष्टीत दिसले तसे.

आता ऑफिसच्या प्रश्नाकडे येऊ. एमआयटीचे टॉमस ॲलन यांनी संशोधन करणाऱ्या इंजिनिअरांचा अभ्यास करून १९७७ च्या पुस्तकात दाखवलं की दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांच्यातलं बोलणं झपाट्याने घटतं. तीस-पन्नास मीटरनंतर तर ते जवळजवळ उरतच नाही. हा निष्कर्ष ऑफिसला बोलावणाऱ्यांचा लाडका. पण तोच नीट वाचा. इमारत एक असून भागत नाही, दुसऱ्या मजल्यावरचा माणूसही दूरच असतो. तेव्हा ज्याचे सहकारी बंगळुरूला आणि ग्राहक टेक्सासला आहेत, त्याने हिंजवडीला येऊन कानाला हेडफोन लावून दिवसभर कॉल करायचे, यात ॲलन यांचा कुठला फायदा पदरात पडला?

बरं, भिंतीच काढून टाकू म्हटलं तर २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत मोजून पाहिलं. मोकळ्या मांडणीचं ऑफिस केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. सगळ्यांच्या नजरेखाली बसलेला माणूस तोंड मिटून घेतो. आपल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, तिथे दारं उघडी असली तरी मनातलं बोलायला गच्चीच गाठावी लागायची.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही ठेवतो, नाहीतर आमचं बोलणं एकांगी होईल. २०२२ मध्ये ब्रक्स आणि लेवाव यांनी प्रयोगातून दाखवलं की जोडीजोडीने नव्या कल्पना काढायला बसवल्यास व्हिडिओवरच्या जोड्यांना समोरासमोरच्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचतात. सुचलेल्यांतून चांगली कल्पना निवडण्यात मात्र त्या मागे पडत नाहीत. म्हणजे भेटायला हवं, पण कशासाठी भेटायचं हे ठरवून. रोज हजेरी लावणं आणि कधी तरी भेटून डोकं चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सॅक्सेनियन स्वतःही इथे थांबल्या नाहीत हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. २००६ च्या ‘द न्यू अर्गोनॉट्स’ या पुस्तकात त्यांनी तैवान, भारत, चीनमधून व्हॅलीत जाऊन परत येणाऱ्या, ये-जा करणाऱ्या इंजिनिअरांचा माग घेतला. तैवानमधल्या सिंचू इथे १९८० मध्ये विज्ञान उद्यान उभं राहिलं. अमेरिकेत आयुष्य काढलेल्या मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमध्येच टीएसएमसी काढली. जागा महत्त्वाची, पण ती माणसाबरोबर प्रवास करते, असं म्हणत त्यांनी पहिल्या पुस्तकाला स्वतःच पुरवणी जोडली. एखादा अभ्यासक आपलंच गाजलेलं म्हणणं असं पुढे नेतो तेव्हा त्याचं मोल मानायला हवं.

आपल्याकडे या पुस्तकाची खरी ओळख पटेल ती काचेच्या इमारतींत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जाऊन बघा. पॅटर्न बनवणारा, ओतकाम करणारा, लेथवाला असे वेगवेगळ्या मालकीचे छोटे कारखाने एकमेकांना लागून. कास्टिंगमध्ये पोकळी राहिली तर दोष साच्याचा की धातूचा, हा वाद फोनवर मिटत नाही. तुकडा हातात घेऊन शेजारच्या शेडमध्ये जावं लागतं. ज्याच्याकडे काम शिकलो त्याच्याच समोर स्वतःची शेड टाकली, यात तिथे कुणाला गद्दारी वाटत नाही. कंपनीच्या भिंतीपलीकडचं बोलणं आणि सोडून जाण्याची मोकळीक म्हणजे काय, ते इथे कळतं.

म्हणून या पुस्तकाबद्दल आमचं मत असं. ‘रीजनल ॲडव्हान्टेज’ जरूर वाचावं, कारण जवळ असणं आणि खुलं असणं यांतला फरक त्याने पहिल्यांदा इतका स्पष्ट दाखवला. खुलेपणा कोणत्या नियमांवर उभा असतो आणि त्यातून कोण वगळलं जातं, ते मात्र दुसरीकडे शोधावं लागेल. आणि उद्या कुणी सिलिकॉन व्हॅलीचा दाखला देऊन ऑफिसला बोलावलं, तर त्यांना शांतपणे विचारावं: त्या व्हॅलीतली माणसं दुसऱ्या कंपनीतल्या माणसांशी मनमोकळं बोलत होती आणि वाटेल तेव्हा नोकरी सोडत होती. ते दोन्ही इथे चालेल ना? नोटीस पिरियड किती ठेवताय?